भावंडांची रांग

“स्टिल वेटिंग, आह?”

लिफ्टमध्ये आमच्यामागून शिरलेल्या चिनी आजोबांनी मामाला विचारलं. त्यांच्या हातात कापडानं झाकलेला पिंजरा होता आणि आतला पक्षी मधूनमधून एकच सूर काढत होता.

“वेटिंग, अंकल,” मामा म्हणाला.

“सो लाँग, लाह. अमेरिका व्हेरी बिग, कान्ट फाइंड वन रूम फॉर यू?” आजोबा हसले. मामाही हसला. हा विनोद दोघांमध्ये बऱ्याच वर्षांपासून चालत आलेला दिसत होता. आजोबा त्यांच्या मजल्यावर उतरले, पिंजऱ्यातला सूर लांब गेला, आणि मी माझ्या बॅगेच्या हँडलकडे बघत राहिले. विमानतळापासून वुडलँड्सपर्यंत मी मामाशी धड चार वाक्यंही बोलले नव्हते. ‘कसलं वेटिंग?’ असं मात्र मला विचारावं लागलं नाही. ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आईची भावंडं दोन. थोरली मावशी न्यू जर्सीत आणि धाकटा मामा सिंगापूरला. मावशी अमेरिकेची नागरिक झाली, तेव्हा तिनं सगळ्यात आधी मामाला कायमचं तिकडे बोलावण्यासाठी अर्ज भरला. तिथल्या कायद्यात नागरिकाला भावाबहिणीसाठी असा अर्ज करता येतो. पण वर्षाला किती जणांना घ्यायचं याचा आकडा ठरलेला आहे आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणून रांग. मावशीनं सही केली तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. आता मी पुण्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि मामा अजून रांगेतच होता.

वुडलँड्स

परत आल्यावर मैत्रिणींनी मरीना बे आणि झगमगत्या मॉल्सबद्दल विचारलं. मी तिथं एकदाच गेले, तेही उभ्या उभ्या. मी पाहिलेलं सिंगापूर म्हणजे उत्तरेच्या टोकाला असलेली ही वस्ती. एकसारख्या उंच इमारती, त्यांच्याखाली खांबांची मोकळी जागा, तिथं बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, आणि खिडक्यांतून आडव्या बांबूंवर वाळणारे कपडे. मामाच्या स्वयंपाकघरातून अरुंद समुद्र दिसतो. त्याच्यावर पूल आहे आणि पलीकडे मलेशियातलं जोहोर. मामी शनिवारी पासपोर्ट घेऊन बसनं पलीकडे जाते आणि नारळ, कोथिंबीर घेऊन दुपारच्या जेवणाला परत येते.

“कोथिंबिरीसाठी परदेशवारी,” ती मला म्हणाली. “आणि ह्यांना बघ, सख्ख्या बहिणीकडे जाता येत नाही.”

घर नीटनेटकं होतं, पण ते त्यांचं झालेलं नव्हतं. भिंतीवर एकही खिळा नाही. सोफा घरमालकाचा, पडदेही त्याचेच. मामाला इथं स्वतःचा फ्लॅट केव्हाच घेता आला असता. “येत्या वर्ष-दोन वर्षांत निघायचंच आहे” म्हणून तो राहून गेला. मूल नाही, त्यामुळे शाळेसाठी तरी एका जागी रुजावं असंही काही झालं नाही. मामीनं गॅलरीत कढीपत्ता लावला होता, तोसुद्धा कुंडीत नाही, तेलाच्या डब्यात. डबा कुणालाही देऊन टाकता येतो.

अमेरिकेचं एक खातं दर महिन्याला तारखा जाहीर करतं. ज्याचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा, त्याचा नंबर लागला. मामा पूर्वी त्या तारखा जेवताना मोठ्यानं वाचायचा, आमच्याकडे आजोबा पंचांग वाचायचे तसा. गंमत म्हणजे ही तारीख कधी पुढे सरकते, कधी थांबते आणि कधी चक्क मागे जाते.

“गेल्या वर्षी वक्री झाली होती,” मामी पोळी लाटता लाटता म्हणाली. “आता मार्गी आहे म्हणे. पण चाल शनीची.”

“अगं, अजून फार तर दोन वर्षं,” मामा म्हणाला.

मामीनं पोळी तव्यावर टाकली. मावशीकडे दोन वर्षं नव्हती. डॉक्टरांनी उपचार थांबवून तिला घरी न्यायला सांगितलं होतं. आई महिन्यापूर्वीच तिच्याकडे गेली होती, साध्या पर्यटक व्हिसावर. आईला तो वकिलातीच्या खिडकीवर हसत हसत मिळाला, कारण तिला अमेरिकेत राहायचं नव्हतं आणि तिच्यासाठी मावशीनं कधी अर्जही केला नव्हता. मामानंही आता तसाच पंधरा दिवसांचा व्हिसा मागितला होता. पुढच्या मंगळवारी त्याची मुलाखत होती.

वर्गात

मी सिंगापूरला गेले होते एका कार्यशाळेसाठी. विषय होता, अमेरिकी सरकारात सार्वजनिक धोरण कसं ठरतं. आशियातल्या निरनिराळ्या देशांतले तरुण शिक्षक होते. माझं नाव आमच्या विभागप्रमुख बाईंनी परस्पर पाठवलं होतं. “तुझं इंग्लिश चांगलं आहे,” त्या म्हणाल्या होत्या. इंग्लिश चांगलं असणं आणि बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शिकवायला डोना होत्या. पांढरे बारीक कापलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, धोरण कुठे ठरतं? कुणी म्हणालं राष्ट्राध्यक्ष ठरवतात, कुणी म्हणालं न्यायालय. डोना मान हलवत राहिल्या.

“समितीच्या अध्यक्षाकडे कागदांचा ढीग असतो,” त्या म्हणाल्या. “त्यातला कुठला कागद वर काढायचा, ते तो ठरवतो. बहुतेक विधेयकं मतदानात हरत नाहीत. त्यांच्यावर मतदान होतच नाही. दोन वर्षांनी त्या संसदेची मुदत संपते आणि ती आपोआप मरतात. आम्ही ‘मरतात’ असंच म्हणतो. मारणारा मात्र कुणी नसतो.”

मग त्यांनी विचारलं, तुमच्या देशात अशी काही पद्धत आहे का? उत्तर माझ्या जिभेवर होतं. आमच्या घरात तिला ‘बघू’ म्हणतात. सहलीला जाऊ का? बघू. मला नाच शिकायचाय. बघू. बाबा ‘नाही’ कधीच म्हणाले नाहीत, आणि मी सहलीला कधी गेले नाही. पण बाकीचे भराभर बोलत होते. मी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

दुपारी शेजारी बसणाऱ्या जॉयनं मला जेवायला ओढत नेलं. जॉय मनिलाची, बुटकी, सतत काहीतरी चघळणारी. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं एका रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवलं आणि निघाली.

“कुणी बसलं तर?” मी विचारलं.

“नाही बसणार. पाकीट आहे ना.”

आणि खरंच, ताटं हातात घेऊन जागा शोधणारे लोक त्या पाकिटाकडे बघून पुढे जात होते. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, पण त्यावरून भांडणं होतात. इथं मात्र कुणी ‘ए’सुद्धा म्हणालं नाही. मी भाज्यांच्या म्हणून मागवलेल्या नूडल्समध्ये सुकटीएवढ्या कोळंब्या निघाल्या. जॉयनं त्या चॉपस्टिकनं एकेक उचलून आपल्या वाडग्यात टाकल्या.

मी तिला मामाबद्दल सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बहुधा ती माझ्याकडे न बघता कोळंब्या वेचत होती म्हणून.

“भावंडांची रांग?” ती जोरात हसली. “माझा काका आहे त्या रांगेत! आमच्या देशाची तर तुमच्याहून लांब. आम्ही त्याला म्हणतो, शवपेटीवर तिकीट चिकटवून ठेव.” मग हसू थांबवून म्हणाली, “तुझ्या मावशीला काही झालं, तर मामाचा अर्ज?”

“तोही संपतो.”

हे मी पुस्तकात वाचलं होतं. दयेचा म्हणून एक अपवाद आहे, पण तो द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. मोठ्यानं मात्र मी ते पहिल्यांदाच म्हणत होते. जॉयनं शेवटची कोळंबी उचलली आणि माझा वाडगा माझ्याकडे सरकवला.

पुलाउ उबीन

रविवारी मामा मला पुलाउ उबीनला घेऊन गेला. किनाऱ्याजवळचं लहानसं बेट, तिथं अजून जुनी लाकडी घरं आणि कोंबड्या आहेत. चांगीहून छोटी मोटरबोट जाते आणि ती माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आम्ही बाकावर बसून राहिलो.

“मला सवय आहे,” मामा म्हणाला.

बेटावर सायकली भाड्यानं घेतल्या. माझी शाळेनंतर पहिल्यांदाच. रबराच्या जुन्या झाडांमधून रस्ता जातो, वर-खाली. हवा इतकी दमट की श्वाससुद्धा पाण्यासारखा लागतो. एका उतारावर झुडपातून रानडुकराची पिल्लं धावत आडवी आली. मी करकचून ब्रेक दाबला आणि सायकलसकट चिखलात बसले. चेन निसटली होती. मामानं सायकल उलटी उभी केली आणि काळ्या बोटांनी चेन बसवायला लागला. ऑफिसातला, इस्त्रीच्या शर्टातला मामा मला माहीत होता. हा वेगळा होता.

“सांगलीला ताई, तुझी मावशी, मला डबलसीट शाळेत न्यायची,” तो म्हणाला. “‘अव्या, पाय लांब धर,’ म्हणून ओरडत राहायची. एकदा गेलाच पाय चाकात.” त्यानं बूट काढून टाच दाखवली. एक पांढरा वण होता. “घरी सांगितलं, दगड लागला. ताईही तेच म्हणाली. आईला मरेपर्यंत कळलं नाही.”

वाटेत एका बाईच्या टपरीवर आम्ही शहाळी घेतली. मामा आपलं शहाळं दोन्ही हातांत धरून बसला.

“फॉर्ममध्ये एक प्रश्न होता,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी कुणी कायमचं येण्याचा अर्ज केलाय का? तुझी मामी म्हणाली, नाही लिहा. मी हो लिहिलं.”

“बरोबर केलंस.”

“खोटं कसं लिहिणार? ताईची सही आहे त्याच्यावर.” त्यानं शहाळ्यातला एक घोट घेतला. “तुझ्या आईचा सकाळी फोन आला होता. ताई झोपेचं औषध घेत नाहीये. त्यानंच तिचं दुखणं थांबतं, पण ते घेतलं की दिवसभर गुंगी असते. म्हणते, अव्या येईल आणि मी झोपलेली असेन.”

मी स्ट्रॉ शहाळ्यात फिरवत राहिले.

“तू तिकडे तेच शिकतेयस ना सगळं,” मामा म्हणाला. “तुला काय वाटतं? देतील?”

आदल्याच दिवशी डोनांनी पर्यटक व्हिसाचं कलम वर्गात वाचून दाखवलं होतं. भेटीला म्हणून येणारा प्रत्येक माणूस राहायलाच येतोय असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्या माणसानं पटवून द्यायचं. आणि मामाच्या बाबतीत तर त्याची बहीणच लिहून देऊन बसली होती की याला इथं राहायचंय. मला उत्तर माहीत होतं. मामा माझ्याकडे बघत होता, त्याच्या बोटांना चेनचं वंगण होतं.

“बघू, मामा,” मी म्हणाले.

मंगळवार

मामा सकाळी मुलाखतीला गेला. त्यानं टाय बांधला होता. मामीनं त्याच्या हातावर दही-साखर ठेवली आणि देवापुढे दिवा लावला. मी त्याच्याबरोबर एमआरटी मेट्रोनं अर्ध्या वाटेपर्यंत गेले. उतरताना त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. मी लहान असताना मारायचा, तशीच.

आमच्या वर्गात त्या दिवशी सरावासाठी खोटी समिती भरणार होती. चिठ्ठ्या टाकल्या, आणि अध्यक्षपद माझ्या वाट्याला आलं. मी डोनांकडे बदलून मागायला गेले. त्या म्हणाल्या, “अध्यक्षाला सगळ्यात कमी बोलावं लागतं. तुला जमेल.”

माझ्यापुढे तीन विधेयकं होती. एक शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, एक नदीवरच्या जुन्या पुलांचं. तिसरं जॉयनं लिहिलेलं होतं, भावंडांची रांग कमी करण्यासाठी वर्षाचा आकडा वाढवावा, असं. तिनं ते मन लावून लिहिलं होतं. क्रम मी ठरवायचा होता. जेवणाचं सोपं वाटलं, ते पहिलं घेतलं. पुलांवरून एक कोरियन आणि एक इंडोनेशियन सदस्य असे भांडले की सगळे खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले. त्यांना थांबवायला मोठ्यानं बोलावं लागलं असतं. मी अध्यक्षाची लाकडी हातोडी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. तिसरा कागद माझ्या कोपराखाली होता. तो काढला तर त्यावर बोलणं होईल, जॉय काकाबद्दल बोलेल, मग माझ्याकडे बघेल. मी घड्याळाकडे पाहत राहिले. वेळ संपली.

डोनांनी टाळ्या वाजवल्या. “इतकी खरी समिती मी वर्गात कधी पाहिली नव्हती,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “पाहिलंत? तिसऱ्या विधेयकाला कुणीही विरोध केला नाही. एकानंही नाही. आणि ते मेलं.”

सगळे हसले. जॉय नाही हसली. बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं.

“माझ्या विरोधात मत दिलं असतंस तर चाललं असतं,” ती म्हणाली. “मी भांडले असते, हरले असते. पण तू ‘नाही’ तरी म्हणायचंस गं! निदान ‘नाही’ म्हण की माणसाला!”

मी सॉरी म्हणाले. तिनं खांदे उडवले, खिशातली एक आल्याची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि गेली.

मी वुडलँड्सला पोचले तेव्हा मामा इमारतीखाली खांबाशेजारच्या बाकावर बसला होता. टाय तसाच होता. शेजारी पिंजरावाले आजोबा बसले होते. ते मला बघून उठले, मामाच्या खांद्यावर हात ठेवून दोनदा थोपटलं आणि काही न विचारता लिफ्टकडे गेले.

“खिडकीवर तुझ्याच वयाची मुलगी होती,” मामा म्हणाला. “फार सभ्य. म्हणाली, बहिणीला तुम्ही तिथं राहायला हवे आहात का? म्हटलं, हो. इथं स्वतःचं घर आहे का? नाही. मुलंबाळं? नाही. म्हणजे परत येण्यासारखं इथं काय आहे, असं विचारलं तिनं. मला पटकन सुचेना गं.” तो हसला. “घर घेतलं नाही ते ह्याचसाठी ना. जायचं होतं म्हणून. आता म्हणे घर नाही, म्हणून जाता येणार नाही. पण तिला खरंच वाईट वाटलं. सॉरी म्हणाली.”

वर मामीनं वरण-भात वाढला. कुणी नीट जेवलं नाही. इथं संध्याकाळ असते तेव्हा तिकडे सकाळ होते. ठरलेल्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मामानं आरशात बघून केस सारखे केले आणि लॅपटॉपसमोर बसला. मामी त्याच्या मागे उभी राहिली, मी तिच्या मागे.

आईनं फोन मावशीच्या तोंडापुढे धरला. मला ती पटकन ओळखू आली नाही. उशी मोठी दिसत होती आणि चेहरा लहान. ओठ तिनं घट्ट दाबून धरले होते. बोलायला ते सोडले आणि एक कण्हणं आधी बाहेर आलं.

“अव्या, झालं का रे काम?”

“झालं, म्हणजे… चाललंय ताई,” मामा म्हणाला. “थोडा वेळ लागतो यांना. बघतोय.”

“ताई, तुम्ही काही खाल्लंत का सकाळी?” मामी मध्येच म्हणाली.

“रात्रभर जागी आहे,” आईचा आवाज आला. “नर्स औषध घेऊन आलीये, उभी आहे इथं. अवी, तूच सांग हिला.”

“नको,” मावशी म्हणाली. “तिला म्हणावं थांब. हा कधी निघतोय ते कळू दे. अव्या, या आठवड्यात की पुढच्या? पुढच्यापर्यंत मी थांबते रे. थांबता येतं मला.”

मामानं तोंड उघडलं. त्याचा हात टेबलावर होता, नखांच्या कडेला अजून उबीनचं काळं वंगण होतं. “बघू,” असे त्याचे ओठ हललेले मला दिसले, पण आवाज फुटला नाही. मामीनं पदर तोंडाला लावला. आईच्या हातातला फोन जरासा खाली झुकला. तिला कळलं होतं. सगळे गप्प होते, आणि मावशी त्या गप्प बसण्याकडे डोळे लावून वाट बघत होती.

मी मामीच्या मागून पुढे आले आणि मामाच्या खुर्चीशेजारी वाकले. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत माझा चेहरा आला.

“मावशी,” मी म्हणाले, “मामाला व्हिसा मिळाला नाही. तो येणार नाहीये. तू औषध घे, आणि झोप.”